विरुद्ध स्वभावांच्या दोघांचे प्रेम वाचकाला पटावे यासाठी

एका नव्या लेखिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिच्या कादंबरीचा नायक अबोल, जपून पाऊल टाकणारा. नायिका बोलकी, धडाडीची, मनात आले की करून मोकळी होणारी. दोघांच्या खडाजंगीची प्रकरणे वाचणाऱ्यांना आवडतात, परंतु मध्यावर ती दोघे प्रेमात पडतात तेव्हा मात्र 'हे कधी झाले आणि का झाले?' असे सगळेच विचारतात. प्रसंग वाढवून झाले, संवाद बदलून झाले, तरी शंका फिटत नाही. नेमके कुठे बिघडले आहे?

अनेक वर्षे प्रेमकथा लिहिताना आणि इतरांची हस्तलिखिते संपादनासाठी वाचताना हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे, की त्याचे उत्तर मी जरा विस्ताराने देणार आहे. बिघाड बहुधा प्रेमाच्या प्रसंगांत नसतो. तो त्याच्या कितीतरी आधी, पात्रांचे स्वभाव ठरवताना झालेला असतो. 'अबोल' आणि 'बोलकी' ही केवळ विशेषणे आहेत, आणि विशेषणांच्या जोरावर भांडण रंगवता येते, प्रेम रंगवता येत नाही. भांडायला समोरचा वेगळा असणे पुरते. प्रेम करायला तो कळावा लागतो.

विरुद्ध स्वभावाची माणसे एकमेकांकडे आपोआप ओढली जातात, हा समज लेखकांमध्ये फार घट्ट आहे. रॉबर्ट विंच या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात, माणूस आपल्या गरजांना पूरक ठरणारा जोडीदार निवडतो, असा सिद्धान्त मांडला होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली; परंतु नंतरच्या संशोधनाने त्याला फारसा दुजोरा दिला नाही. डॉन बर्न या मानसशास्त्रज्ञाचे काम उलट दिशेचे आहे: मते आणि मूल्ये जितकी जुळतात तितके आकर्षण वाढते, असे त्याच्या प्रयोगांतून सातत्याने दिसले. वाचकाने यातले काही वाचलेले नसते, पण आजूबाजूची जोडपी तो रोज पाहतो. विरुद्ध स्वभावाचे दोघे शेजारी उभे केले की ओढ गृहीत धरली जाईल, या भरवशावर लेखकाने राहू नये. ती ओढ कशातून आली हे दाखवण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

म्हणून पहिले काम हे, की दोघांमध्ये काय समान आहे ते ठरवणे. आवडीनिवडी समान असण्याची गरज नाही. दोघांना एकच गाणे आवडते किंवा दोघेही कटिंग चहा पितात, असल्या जुळण्या वरवरच्या असतात. समान असायला हवे ते चांगल्या-वाईटाचे माप. कोणत्या गोष्टीची दोघांना सारखीच लाज वाटते, कोणता अन्याय दोघांनाही सहन होत नाही, कोणत्या माणसाबद्दल दोघांच्याही मनात आदर आहे, हे लेखकाला नक्की माहीत हवे.

दुसरे काम अधिक अवघड आहे, आणि माझ्या संपूर्ण उत्तराचा गाभा त्यातच आहे. माणसाचा स्वभाव हे बहुतेक वेळा त्याने लहानपणी कोणत्या तरी अडचणीवर शोधलेले उत्तर असते. विरुद्ध स्वभावाच्या दोन पात्रांपुढे अडचण एकच ठेवावी आणि दोघांना तिची उत्तरे परस्परविरोधी सापडलेली असावीत. असे केले की त्यांचा संघर्ष खरा होतो, कारण दुसऱ्याची वागण्याची रीत म्हणजे आपल्या आयुष्यभराच्या उत्तरावर घेतलेला आक्षेप असतो. आणि त्यांचे प्रेमही खरे होते, कारण ज्या अडचणीतून आपण आलो तिची ओळख असलेले हे दुसरे माणूस आहे, हे दोघांनाही हळूहळू उमगत जाते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करते. देवगड तालुक्यातली वृंदा वडिलांच्या मागे हापूसची बाग आणि आंब्याचा व्यवसाय सांभाळते. चुलत्यांशी बागेच्या हद्दीचा वाद आहे, म्हणून तिने मोजणीचा अर्ज केला आहे. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातला भूकरमापक हेमंत येतो. वृंदा कोणत्याही गिऱ्हाइकाला आधी 'होईल' म्हणते आणि मग ते कसे होईल याच्या मागे लागते. हेमंत कोणत्याही प्रश्नाला आधी 'बघू' म्हणतो. इथपर्यंत ही दोघे विशेषणेच आहेत.

आता त्यांच्या मागे जाऊ. हेमंतचे वडील सगळ्यांना शब्द देत आणि क्वचितच पाळत. घराच्या ओटीवर बसून राहिलेले घेणेकरी, आणि 'बाबा घरी नाहीत' असे त्यांना सांगायला पुढे केलेला दहा वर्षांचा मुलगा, ही त्याची आठवण आहे. पुरी खात्री होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे त्याने त्या वयात ठरवून टाकले. वृंदाची आई नवऱ्याच्या मृत्यूनंतर मदतीसाठी सगळ्या नातेवाइकांकडे गेली आणि प्रत्येकाने तिला 'बघू' म्हटले. नकार कोणीच दिला नाही; आई मात्र पुढची कितीतरी वर्षे वाट पाहत राहिली. आपल्याकडे आलेल्या माणसाला तिष्ठत ठेवायचे नाही, हे वृंदाने तेव्हाच ठरवले. दोघांपुढचा प्रश्न एकच होता: आपल्या भरवशावर राहिलेल्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून कसे वागावे? त्याचे उत्तर 'बघू' आणि तिचे उत्तर 'होईल'. त्यामुळे त्याचा 'बघू' तिला आईच्या नातेवाइकांसारखा ऐकू येतो आणि तिचा 'होईल' त्याला वडिलांसारखा. एकेका शब्दाने दोघांच्या जुन्या जखमेवर बोट पडते, आणि तसे करण्याचा कोणाचाही हेतू नसतो.

एवढे ठरल्यावर पहिल्या भेटीचा प्रसंग फारसा रचावा लागत नाही. मोजणी आटोपत आली आहे. वृंदाला बँकेच्या कर्जासाठी मोजणी नकाशाची 'क' प्रत लवकर हवी आहे.

"साहेब, 'क' प्रत कधी मिळेल?"

"बघू."

"बघू म्हणजे? आठवडा, महिना, वर्ष? काहीतरी सांगा."

त्याने नकाशाची गुंडाळी बांधली. "लगतच्या खातेदारांपैकी एकाची सही राहिली आहे. ती झाल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

"माझा चुलता सही देणार नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. तुम्ही 'होणार नाही' तरी म्हणा. मी दुसरा मार्ग बघीन."

"होणार नाही, हेही मला अजून माहीत नाही."

इथे प्रेमाचा मागमूस नाही, आणि तो नसावाही. परंतु त्याच्या शेवटच्या वाक्यात एक गोष्ट आहे जी वृंदाला त्या रात्री आठवू शकते: या माणसाने तिला टाळले नाही, जेवढे माहीत होते तेवढेच सांगितले. पुढे चुलत्याच्या घरचा चहा त्याने नाकारला हे तिला गड्याकडून कळते, आणि मग लक्षात येते की तो तिच्या घरचाही चहा घेत नाही, त्याचे कारण तेच आहे: वादातल्या कोणाचेच मिंधे व्हायचे नाही. आकर्षणाचा पहिला धागा असा, वाचकाच्या डोळ्यांसमोर, एखाद्या लहानशा आणि तपासता येणाऱ्या गोष्टीतून निघायला हवा. 'त्याच्यात काहीतरी वेगळे होते' हे वाक्य हस्तलिखितात दिसले की मी समासात एवढेच लिहिते: काय?

त्याच्या बाजूचा धागाही तितकाच ठोस हवा, आणि तो त्याच्या नजरेतून लिहिलेला हवा. ऐन एप्रिलात अवकाळी पाऊस येतो, कबूल केलेल्या पेट्यांइतका माल बागेतून निघत नाही, आणि वृंदा पहाटेपासून शेजारच्या तीन बागांत फिरून, चढ्या भावाने आंबा विकत घेऊन, वाशीच्या व्यापाऱ्याला दिलेला शब्द पुरा करते. हद्दीच्या खुणा पुन्हा तपासायला आलेला हेमंत बागेतल्या मांगराबाहेर, म्हणजे खोपटाबाहेर, थांबून तिला पेंढ्यात आंबे रचताना पाहतो. लासा लागलेले फळ ती बाजूला काढते. पेटीच्या तळाशी ते खपून गेले असते, हे त्यालाही कळते. घाईने दिलेला शब्दसुद्धा इतक्या कष्टाने पाळता येतो, ही शक्यता त्याच्या आयुष्यात त्याने कधी पाहिलेलीच नाही. त्याला तिथे जे वाटते त्यात कौतुक आहे आणि भीतीही आहे, कारण ही बाई बरोबर असेल तर त्याचे स्वतःचे मौन निव्वळ सावधपणा नव्हते, त्यात भित्रेपणाचाही वाटा होता. आपल्याला न जमलेले दुसऱ्याला सहज जमते तेव्हा माणूस तिकडे ओढला जातो आणि त्यापासून पळूही पाहतो. विरुद्ध स्वभावांच्या प्रेमाची सारी रंगत या दुहेरी ओढीत आहे. केवळ कौतुक लिहिले तर ते गुळचट होते, आणि केवळ चीड लिहिली तर वाचकाला प्रेम कळत नाही.

अबोल पात्राबद्दल एक विशेष सूचना. अबोल माणूस लेखकाच्या दृष्टीने मोठी सोय असतो, कारण त्याच्या मनात काय आहे ते सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच तो कागदावर पोकळ राहतो. त्याच्या मौनाचे प्रकार करावेत: विचार करताना तो गप्प असतो ते वेगळे, दुखावल्यावर वेगळे, आणि समोरच्याला बोलायला अवसर द्यावा म्हणून गप्प असतो ते आणखी वेगळे. न बोलणारा माणूस सर्वांत जास्त पाहणारा असावा. बोलक्या पात्राच्या बाबतीत याच्या उलट करावे; तिने कोणत्या विषयावर कधीच तोंड उघडले नाही, ते शोधावे. वृंदा दिवसभर बोलते, पण आईविषयी एक अक्षर बोलत नाही, आणि हे सर्वांआधी हेमंतच्या लक्षात येते.

भांडण आणि आकर्षण यांची गल्लत हा दुसरा मोठा अडथळा. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग लेखकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना प्रश्नावली भरायला दिली आणि आपला फोन नंबर दिला. तसेच एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही केले. झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्यांपैकी फारच थोड्यांनी. भीतीने वाढलेल्या धडधडीचा अर्थ माणूस आकर्षण असा लावू शकतो, असे संशोधकांचे म्हणणे होते. घाटात बंद पडलेली गाडी, मुसळधार पाऊस, मध्यरात्रीचे भांडण हे सगळे आपल्या कथांमधले झुलते पूल आहेत. ते जरूर वापरावेत, परंतु त्यांनी जे सिद्ध होते ती धडधड आहे. प्रत्येक वादळी प्रसंगानंतर एक शांत, कंटाळवाण्या कामाचा प्रसंग द्यावा, ज्यात दोघे काहीतरी मिळून करतात: हिशेब जुळवतात, रुग्णालयात नंबर येण्याची वाट पाहतात, कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांवर नावे घालतात. धडधड ओसरल्यावरही दोघांना एकमेकांजवळ थांबावेसे वाटते का, हे वाचक तिथे तपासतो.

इथे एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण अलीकडच्या लिखाणात तिचे प्रमाण वाढलेले दिसते. नायक चारचौघांत नायिकेचा अपमान करतो, तिचा फोन तपासतो, हात पिरगाळतो, आणि हे सारे 'तो रागीट, ती शांत' अशा स्वभावविरोधाच्या नावाखाली खपवले जाते. तापटपणा हा स्वभाव आहे. अपमान ही कृती आहे आणि तिची जबाबदारी पात्रावर असते. तिच्या सोशिकपणाने त्याचा राग निवळला, अशी कथा लिहिताना आपण एका माणसाला दुसऱ्याच्या उपचाराचे साधन करून टाकतो. विरोध रंगवायचा तर दोघांचे बळ कुठेतरी समतोल हवे. बळ विषम असेल, तर लेखकाने त्याचा निवाडा करायलाच हवा. 'ती फुलराणी'मुळे मराठी रसिकांना ज्या मूळ नाटकाची ओळख आहे त्या 'पिग्मॅलियन'चे उदाहरण बोलके आहे. भाषेचा पंडित आणि फुले विकणारी मुलगी यांचे अखेरीस जुळावे अशी प्रेक्षकांची फार इच्छा होती, आणि १९१४च्या लंडनच्या प्रयोगात नायकाचे काम करणाऱ्या नटाने तर शेवटी तिच्याकडे फुले टाकायला सुरुवात केली. नाटककार बर्नार्ड शॉ त्यावर संतापला, आणि १९१६च्या छापील आवृत्तीला पुस्ती जोडून त्याने लिहिले की त्या मुलीने, एलायझाने, तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडी या तरुणाशी लग्न केले. तिला घडवणाऱ्याशी तिचे नाते कधीच पुरते सुखाचे होणार नाही, असे त्याचे कारण होते. त्याच्याशी कोणी सहमत व्हावे वा न व्हावे, पण त्याने प्रश्न टाळला नाही.

मन बदलण्याच्या वेळेबद्दलही सांगायला हवे. जेन ऑस्टिनच्या १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एकसष्ट प्रकरणे आहेत आणि नायक डार्सी याची लग्नाची पहिली मागणी चौतिसाव्या प्रकरणात येते. नायिका एलिझाबेथ ती झिडकारते. तिचे मत बदलायला सुरुवात होते ती त्याचे पत्र एकटीने पुन्हा पुन्हा वाचताना. तो समोर नसताना. मग त्याच्या घरची जुनी कारभारीण, तो चार वर्षांचा असल्यापासून त्याला ओळखणारी, त्याच्याबद्दल चांगले बोलते. पुढे तो तिच्या बहिणीची अब्रू वाचवतो, आणि तेही कोणाला कळू नये अशा बेताने. या क्रमातून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: मन एकांतात बदलते, तिसऱ्या माणसाची साक्ष नायकाच्या भाषणापेक्षा जास्त पटते, आणि ज्या कृतीची किंमत मोजावी लागते पण श्रेय मिळत नाही ती कृती वाचक कधी विसरत नाही. शिवाय ती दोघे वरून कितीही वेगळी दिसली, तरी माणसांविषयीचा आपला अंदाज चुकत नाही ही घमेंड दोघांचीही सारखीच आहे. म्हणजे समान धागा तिथेही आहेच.

मराठीत लिहिताना आपल्या हाताशी आणखी एक साधन आहे आणि ते फार थोडे लेखक जाणीवपूर्वक वापरतात. हेमंत आणि वृंदा एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. ती दोघे 'तू'वर कधी येतात, आधी कोण येते, आणि भांडणात कोण मुद्दाम पुन्हा 'तुम्ही'वर जाते, हे ठरवून लिहावे. बोलकी वृंदा पटकन 'तू' म्हणेल असे वाटते. मला विचाराल तर ती बराच काळ म्हणणार नाही, आणि हेमंतच्या तोंडून ते एकदा अनवधानाने निघून जाईल.

उरला शेवटचा भाग: बदलायचे कोणी? पुष्कळ कथांमध्ये अबोल नायक अखेर भाषण करतो आणि अवखळ नायिका शांत होते. वाचकाला यात फसवल्यासारखे वाटते, कारण ज्या दोघांवर त्याचा जीव जडला ती दोघेही नाहीशी झालेली असतात. स्वभाव तसाच ठेवावा आणि दुसऱ्याच्या जखमेपुरता त्यात बदल करावा. हेमंत 'बघू' म्हणणे सोडणार नाही. पण सही मिळाल्यावर, वृंदाचे प्रकरण त्याच्या हातून गेल्यावर, ती त्याला विचारते, "पावसाआधी एकदा घरी येणार का, आईला भेटायला?" आणि तो म्हणतो, "बघू. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नक्की सांगतो." त्या 'गुरुवारी संध्याकाळपर्यंत'मध्ये त्याने तिला तिष्ठत न ठेवण्याचा पत्कर घेतला आहे, आणि मागची सगळी प्रकरणे वाचलेल्या वाचकाला तो प्रेमाचा उच्चार म्हणून ऐकू येतो. वृंदाही 'होईल' म्हणतच राहील, फक्त त्याच्याशी बोलताना ती म्हणेल, "होईल, पण आधी मला दोन फोन करू द्या."

प्रश्न विचारणाऱ्या लेखिकेने आता हस्तलिखितावर प्रत्यक्ष काय करावे, तर नवे प्रेमप्रसंग लिहिणे काही दिवस थांबवावे. तिचा नायक कोणाच्या भीतीने गप्प राहायला शिकला आणि नायिका कोणाची वाट पाहून कंटाळली, हे एका वेगळ्या वहीत लिहावे. ते कादंबरीत जसेच्या तसे यायची गरज नाही. मग आधीपासून लिहिलेली भांडणे वाचावीत आणि प्रत्येकात, या वाक्याने समोरच्याची कोणती जुनी गोष्ट दुखावली, असे विचारावे. ज्या भांडणाला उत्तर सापडणार नाही ते कितीही चुरचुरीत असले तरी काढावे. जी दोन-चार उरतील त्यांच्यानंतर लगेच प्रत्येकी एक शांत प्रसंग घालावा, आणि त्यात दोघांपैकी एकाला दुसऱ्याची एखादी लहान, खरी, कोणाला दाखवण्यासाठी न केलेली गोष्ट दिसू द्यावी. प्रेमाची कबुली कोणत्या प्रकरणात ठेवायची हे त्यानंतर ठरवावे. माझा अंदाज आहे की ती आताच्या जागेपेक्षा बरीच पुढे सरकेल.